रॉबर्ट स्मॉल्स: एकाच राज्याच्या दोन घटना

१३ मे १८६२. पहाटेचे तीन वाजलेत. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन बंदरातून 'प्लँटर' नावाची वाफेची बोट हळूच धक्का सोडते. यादवी युद्ध सुरू होऊन वर्ष झालंय आणि ही बोट बंडखोर दक्षिणेच्या लष्कराची आहे. वर कप्तानाचा कोट आणि गवती हॅट घालून जो माणूस उभा आहे, तो कप्तान नाही. तो २३ वर्षांचा गुलाम आहे, रॉबर्ट स्मॉल्स. खरे गोरे अधिकारी तिघंही हुकूम मोडून रात्री शहरात झोपायला गेलेत. दुसऱ्या एका धक्क्यावर अंधारात थांबलेली बायको, पोरं आणि इतर गुलामांची बायकामुलं बोटीत चढतात. एकूण १६ जीव. मग एकामागून एक किल्ल्यांसमोरून जायचं आणि प्रत्येक ठिकाणी भोंग्याची बरोबर खूण द्यायची. स्मॉल्सला खुणा पाठ असतात, कप्तान कसा उभा राहतो तेही त्याने पाहून ठेवलेलं असतं. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरतो आणि वर चढते एक पांढरी चादर. समोर उत्तरेच्या आरमाराचं जहाज. ते तोफा डागायच्या बेतात असताना कुणाला तरी ती चादर दिसते.

बोटीबरोबर तोफाही आल्या आणि कप्तानाची गुप्त खुणांची वहीसुद्धा. स्मॉल्सच्या वाट्याला बक्षिसाचे १,५०० डॉलर आले. तो रातोरात उत्तरेत प्रसिद्ध झाला.

बहुतेक जण त्याची गोष्ट इथपर्यंतच सांगतात. साहजिक आहे, पाच मिनिटांत सांगून होते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण स्मॉल्स त्यानंतर ५३ वर्षं जगला आणि त्यातली बरीचशी राजकारणात घालवली. १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाची नवी राज्यघटना लिहिणाऱ्यांमध्ये तो होता. १८९५ मध्ये तीच घटना पुसून दुसरी लिहिली गेली तेव्हाही तो सभागृहात बसलेला होता, या वेळी पूर्ण अल्पमतात. या दोन तारखांच्या मधली २७ वर्षं समजली, तर अमेरिकेत गुलामगिरी संपूनही कृष्णवर्णीयांना मताच्या हक्कासाठी आणखी शंभर वर्षं का थांबावं लागलं, याचा उलगडा बऱ्यापैकी होतो.

आधी राज्य म्हणजे काय ते

आपल्याकडे घटना एक, मतदारयाद्यांवर देखरेख एका निवडणूक आयोगाची. महाराष्ट्राच्या विधानसभेने उद्या ठरवलं की अमुक लोकांना मत नाही, तर ते तिच्या हातातच नाही. अमेरिकेत मांडणी उलटी आहे. तिथे आधी राज्यं होती, मग त्यांनी मिळून देश केला. त्यामुळे प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते, स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. आणि मत कोणी द्यायचं, नोंदणी कशी करायची, मतपेट्या कशा ठेवायच्या हे एकोणिसाव्या शतकात जवळपास पूर्णपणे राज्याच्या हातात होतं. राज्याची अख्खी घटना बदलायची तर 'कन्व्हेन्शन' भरवतात, म्हणजे त्या एकाच कामासाठी निवडून आलेली घटना परिषद. ती बसली की पाटी कोरी करून नवी घटना लिहू शकते.

म्हणून त्या काळातला राज्य पातळीवरचा राजकारणी म्हणजे वॉशिंग्टनला जाता न आलेला दुय्यम पुढारी, असं समजू नये. सामान्य माणसाच्या आयुष्याला हात लावणारे बहुतेक कायदे राज्याच्या राजधानीत होत.

साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया. युद्धाआधी तिथे कोण बसत होतं? १७९०च्या घटनेत कनिष्ठ सभागृहाचा सदस्य होण्यासाठी अट होती: ५०० एकर जमीन आणि १० गुलाम, नाहीतर ठरावीक किमतीची मालमत्ता. म्हणजे किती माणसांचे मालक आहात हा चक्क पात्रतेचा निकष. गव्हर्नरही जनता निवडत नसे, हे जमीनदारांचं सभागृह निवडत असे. १८६०च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येतले निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के लोक गुलाम होते. देशातून फुटून निघालेलं पहिलं राज्यही हेच.

आणखी एक खुलासा आत्ताच करून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. त्या काळी रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा, गुलामगिरीविरोधी पक्ष. दक्षिणेतले डेमोक्रॅट म्हणजे जुन्या मालकवर्गाचा पक्ष. आजची बातम्यांतली चित्रं डोळ्यांसमोर आणली तर सगळंच उलटं दिसेल. स्मॉल्स जन्मभर कट्टर रिपब्लिकन.

मालकाच्या घरामागची खोली

स्मॉल्सचा जन्म ५ एप्रिल १८३९चा, ब्यूफर्ट गावात, मालक मकी यांच्या घरामागच्या गुलामांच्या खोलीत. (या स्पेलिंगचं गाव शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातही आहे, पण त्याचा उच्चार बोफर्ट. तिथले लोक यावरून एकमेकांना दुरुस्त करत असतात.) आई लिडिया घरकाम करणारी गुलाम. वडील कोण, याची खात्रीलायक नोंद नाही.

बारा वर्षांचा झाल्यावर त्याला चार्ल्स्टनला 'भाड्याने' पाठवलं. गुलामगिरीतला हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. गुलाम शहरात जाऊन मजुरी करायचा आणि पगार मालकाच्या खिशात जायचा. स्मॉल्सने हॉटेलात काम केलं, रस्त्यावरचे दिवे लावले, मग गोदीत गेला. तिथे हमाली, दोरखंड, शिडं आणि शेवटी सुकाणू, असं एक एक शिकत वर चढला. पगाराचा मोठा भाग मालकाला जाई, त्याच्या हाती सुरुवातीला आठवड्याला एक डॉलर उरे. त्या बंदराचा तळ, भरती-ओहोटी, कुठे वाळूचा बांध आहे हे सगळं त्याला ठाऊक. पण त्याला 'पायलट', म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा सुकाणूप्रमुख, म्हणत नसत, कारण तो हुद्दा गोऱ्यांचा. तो नुसता 'चाक धरणारा'.

१८५६ मध्ये हॉटेलात काम करणाऱ्या हॅना या गुलाम स्त्रीशी त्याने लग्न केलं. मुलगी झाली तेव्हा हिशेब समोर आला: कायद्याने मूल आईच्या मालकाचं. मालकाने कधीही विकावं. स्मॉल्सने बायको आणि मुलगी विकत घ्यायचा सौदा केला, ८०० डॉलरला. त्याच्याकडे साठले होते शंभर. ती पहाट यातून आली.

चार्ल्स्टनहून निघून जायला जागाही होती. उत्तरेच्या आरमाराने नोव्हेंबर १८६१ मध्येच ब्यूफर्टजवळचं पोर्ट रॉयल जिंकलं होतं. गोरे जमीनदार घरंदारं, कापूस आणि हजारो गुलाम मागे टाकून पळाले होते. बंडखोर भागातल्या जमिनींवर केंद्राने कर बसवला, पळालेल्यांनी तो भरला नाही, आणि मालमत्ता लिलावात निघाल्या. त्यात स्मॉल्सने एक घर घेतलं. ज्याच्या मागच्या खोलीत तो जन्मला होता, तेच.

ते घर परत मिळावं म्हणून नंतरच्या गोऱ्या मालकाने खटला भरला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्सच्या बाजूने निकाल लागला. करापोटीच्या लिलावात मिळालेला हक्क पक्का ठरला आणि त्याच्यासारख्या इतर अनेकांच्या जमिनी वाचल्या. जुन्या मालकीणबाई म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन आपलंच घर समजून दारात आल्या आणि स्मॉल्सने त्यांना ठेवून घेतलं, असं त्याच्या घराण्यात सांगतात.

युद्धात त्याने उत्तरेच्या जहाजांवर पायलट म्हणून काम केलं. १८६४ मध्ये 'प्लँटर' दुरुस्तीला फिलाडेल्फियाला गेली होती, तेव्हा महिनोन्महिने मुक्काम पडला. तिथे शिक्षक लावून तो नीट लिहाय-वाचायला शिकला. साउथ कॅरोलायनात गुलामाला वाचायला शिकवणं १८३४च्या कायद्याने गुन्हा होता. त्याच फिलाडेल्फियात, गुलामगिरी नसलेल्या शहरात, घोड्यांच्या ट्राममधून त्याला गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला सांगितली गेली. तो उतरून चालत गेला. युद्धातल्या वीराला अशी वागणूक म्हणून गाजावाजा झाला, आंदोलन पेटलं आणि १८६७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्याने ट्राममधला भेदभाव कायद्याने बंद केला.

पहिली घटना, १८६८

युद्ध १८६५ मध्ये संपलं. देशाच्या घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. तेरावी: गुलामगिरी बंद. चौदावी: इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, कायद्यापुढे समान. पंधरावी, १८७०ची: वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही. या पंधराव्या दुरुस्तीचे शब्द लक्षात ठेवा. 'या कारणावरून' असं त्यात आहे. 'प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत असेल' असं नाही. शेवटचा घाव त्या फटीतून बसला.

केंद्राने १८६७ मध्ये दक्षिणेच्या राज्यांना बजावलं: कृष्णवर्णीय पुरुषांना मत देऊन घटना परिषद निवडा, नवी घटना लिहा, तरच संसदेत परत घेऊ. साउथ कॅरोलायनाची परिषद जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्स्टनला भरली. १२४ प्रतिनिधींत ७६ कृष्णवर्णीय होते आणि ब्यूफर्टकडून आलेल्यांत स्मॉल्स होता, वय २८.

तिथे त्याने मांडलेला ठराव शाळांचा होता. सर्वांना खुल्या, मोफत सरकारी शाळा, आणि ७ ते १४ वयाच्या मुलांना वर्षातून किमान सहा महिने हजेरी सक्तीची, न पाठवल्यास दंड. ब्यूफर्टमध्ये त्याने मुलांच्या शाळेसाठी इमारत मिळवायला आधीच हात घातला होता. परिषदेने सक्तीचं तत्त्व मान्य केलं, अंमल मात्र पुढे ढकलला आणि तो कागदावरच राहिला. पण मोफत शाळा सुरू झाल्या, आणि त्या फक्त कृष्णवर्णीयांना मिळाल्या नाहीत. गरीब गोऱ्यांच्या मुलांसाठीही राज्याने अशी व्यवस्था पहिल्यांदाच उभी केली. त्या घटनेत मालमत्तेची अट नव्हती, कर्जासाठी तुरुंग नव्हता, विवाहित बाईची मालमत्ता नवऱ्याच्या कर्जापासून सुरक्षित होती. ५०० एकर आणि १० गुलामांच्या राज्यात हे घडत होतं.

याच काळात पुण्यात जोतीराव फुले अमेरिकेकडे पाहत होते. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये निघालं, आणि जोतीरावांनी ते निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत स्मॉल्सचं नाव नाही, जोतीरावांना ते माहीत असण्याचं काही कारणही नाही. पण पुस्तक छापलं गेलं त्या वर्षी गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस कोलंबियात राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, बसून मतदान करत होता. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागितलं तेही सक्तीचं प्राथमिक शिक्षणच. दोघांचं निदान एक होतं, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. ज्याला वाचू दिलं जात नाही, त्यालाच अक्षराची किंमत पहिल्यांदा कळते.

सभागृहातली वर्षं

१८६८ ते १८७० स्मॉल्स कनिष्ठ सभागृहात होता. त्या सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं आणि असं अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हतं. मग सिनेटर जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश म्हणून गेले, त्यांच्या रिकाम्या जागेवर स्मॉल्स सिनेटमध्ये आला. १८७५ पासून केंद्रीय प्रतिनिधीगृहात, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतल्या कनिष्ठ सभागृहात, मध्ये खंड पडत, एकूण पाच वेळा.

त्याच्या भागातली समुद्रबेटं म्हणजे वेगळीच दुनिया. तिथले लोक गुल्ला बोलतात. आफ्रिकी भाषा आणि इंग्रजी यांतून तयार झालेली ही बोली. स्मॉल्सची ती आईची भाषा. सिनेटमध्ये तो इंग्रजीत बोले, बेटावर गुल्लात. त्याच्याबद्दल तिथे एक किस्सा सांगत. दोघं बोलत असतात, एक म्हणतो स्मॉल्ससारखा मोठा माणूस नाही. दुसरा म्हणतो, अरे, पण तो काही देव नाही. पहिला म्हणतो, खरंय, पण वय तरी काय झालंय त्याचं अजून!

लोकप्रतिनिधीचं रोजचं काम कसं होतं ते १८७६च्या उन्हाळ्यात दिसतं. काँबाही नदीकाठच्या भातशेतीवर मजुरांनी संप केला. मजुरी रोख मिळत नसे, चिठ्ठ्या मिळत आणि त्या जमीनदाराच्याच दुकानात चालत. गव्हर्नरने स्मॉल्सला पाठवलं. त्याने मारामारी करणाऱ्या काही संपकऱ्यांना स्वतःहून पोलिसांच्या हवाली व्हायला लावलं आणि मजुरी रोख मिळावी ही मागणी उचलून धरली. संपकरी सुटले. गोळी न चालता प्रकरण मिटलं, त्या वर्षी ही साधी गोष्ट नव्हती.

आता नाजूक भाग. स्मॉल्सवर लाचखोरीचा आरोप होता: सिनेटमध्ये असताना सरकारी छपाईच्या कंत्राटात ५,००० डॉलर घेतले. १८७७ मध्ये खटला चालला, तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली, तीन दिवस तो तुरुंगात राहिला, मग अपील करून जामिनावर सुटला. त्या काळच्या साउथ कॅरोलायनात भ्रष्टाचार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. छपाईच्या कामात पैसा मुरत होता आणि गोरे-काळे दोन्ही पुढारी हात धुवून घेत होते. पण या खटल्यातला मुख्य साक्षीदार सिनेटचा माजी कारकून, स्वतः अडकलेला, राज्याबाहेर पळून गेलेला आणि साक्ष देण्याच्या बोलीवर परत आलेला. खटला चालवणारं सरकारही नुकत्याच सत्तेवर आलेल्या विरोधकांचं, म्हणजे डेमोक्रॅटांचं. १८७९ मध्ये गव्हर्नरने स्मॉल्सला माफी दिली ती एका देवघेवीत: केंद्राने डेमोक्रॅटांवरचे निवडणुकीतल्या गुन्ह्यांचे खटले सोडायचे आणि बदल्यात यांनी हे सोडायचे. स्मॉल्स धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण हा खटला न्यायासाठी नव्हता. त्याला निवडणुकीतून उठवायचं होतं आणि १८७८ मध्ये तो हरलाही.

सत्ता कशी काढून घेतली

शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं: १८७७ मध्ये युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य परत गेलं आणि दक्षिणेत गोऱ्यांची सत्ता आली. प्रत्यक्षात त्याला वीस वर्षं लागली, आणि टप्पे निरनिराळे होते.

पहिला टप्पा बंदुकीचा. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या गावात गोऱ्या टोळ्यांनी किमान सहा जणांना मारलं. त्यांतल्या चौघांना पकडून आणल्यावर एकेक करून गोळी घातली. स्मॉल्सने ते वॉशिंग्टनच्या सभागृहात मांडलं. त्या टोळ्यांत बेंजामिन टिलमन नावाचा एक तरुण शेतकरी होता. त्याला या प्रकाराची लाज कधी वाटली नाही, उलट पुढे जाहीर सभांतून तो त्याची फुशारकी मारायचा. हे नाव पुन्हा येणार आहे. त्या निवडणुकीत लाल सदरे घातलेले घोडेस्वार सभांवर चालून जात. १८७८ मध्ये गिलिसनव्हिल गावात स्मॉल्सच्याच सभेला अशा शेकडो स्वारांनी वेढा घातला. तो मूठभर साथीदारांसह एका दुकानात अडकला. बातमी पसरली आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून कृष्णवर्णीय माणसं हातात मिळेल ते घेऊन धावत आली, तेव्हा टोळी पांगली.

दुसरा टप्पा कायद्याचा, आणि हा मला बंदुकीपेक्षा जास्त थंड डोक्याचा वाटतो. १८८२ मध्ये राज्याने 'आठ पेट्यांचा कायदा' केला. निवडणुकीत गव्हर्नर, विधिमंडळ, केंद्रीय प्रतिनिधी अशा वेगवेगळ्या पदांसाठी वेगळी पेटी आणि पेटीवर पदाचं नाव. मत चुकीच्या पेटीत पडलं की बाद. वाचता येत नसेल तर पेटी ओळखायची कशी? कुणाला विचारायची सोय नाही, फक्त निवडणूक अधिकाऱ्याने वाचून दाखवायचं, आणि अधिकारी सरकारी पक्षाचा. मतदार पेट्यांचा क्रम पाठ करून आले, तर पेट्यांची जागा मध्येच बदलायची. जोडीला नव्याने नोंदणी सक्तीची, आणि घर बदललं की नवा दाखला. दरवर्षी एका मळ्यावरून दुसऱ्यावर जाणारे कूळ कोण होते, ते सांगायला नको.

हे वाचताना मला आपली १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवते. तिथेही अनेक पेट्या होत्या, उमेदवारागणिक एक, प्रत्येकीवर बैलजोडी, झोपडी अशी चित्रं, निरक्षर माणसाचं मत नेमक्या जागी पडावं म्हणून. साउथ कॅरोलायनात पेट्या अनेक होत्या त्या त्याचं मत वाया जावं म्हणून.

शिवाय मतदारसंघांच्या रेषा अशा ओढल्या की बहुतेक कृष्णवर्णीय मतदार एकाच वेड्यावाकड्या सातव्या मतदारसंघात कोंबले गेले, म्हणजे उरलेले सगळे गोऱ्यांच्या खिशात. स्मॉल्स त्या सातव्यातूनही निवडून आला. १८८६ मध्ये मात्र हरला.

दुसरी घटना, १८९५

टिलमन आता गव्हर्नर होऊन गेला होता आणि अमेरिकेच्या सिनेटवर पोचला होता. त्याला भीती होती की गोऱ्यांतच फूट पडली तर एखादा गट कृष्णवर्णीयांची मतं मागेल. म्हणून नवी घटना. हेतू लपवला नव्हता, तो उघड बोलून दाखवत होता. परिषद सप्टेंबर १८९५ मध्ये कोलंबियात भरली. १६० प्रतिनिधी, त्यात कृष्णवर्णीय सहा. २७ वर्षांपूर्वी १२४ पैकी ७६ होते. सहांपैकी पाच ब्यूफर्टचे, आणि त्यांतला एक स्मॉल्स, वय ५६.

आता पंधराव्या दुरुस्तीचे शब्द आठवा. वर्णावरून मत नाकारता येत नाही. म्हणून नव्या कलमांत 'वर्ण' हा शब्दच घातला नाही. राज्यात दोन वर्षं वास्तव्य हवं. निवडणुकीच्या सहा महिने आधी डोईपट्टी, म्हणजे माणशी ठरावीक कर, भरलेली हवी, म्हणजे पीक हातात नसताना. घटनेतलं कलम वाचता यायला हवं, किंवा १८९८ पर्यंत, वाचून दाखवल्यावर समजून सांगता यायला हवं. 'समजलं' की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. निरक्षर गोऱ्याला समजलं आणि कृष्णवर्णीय शिक्षकाला नाही, असं तो म्हणू शकत होता. त्यानंतरच्यांना साक्षरता, नाहीतर ३०० डॉलरची करपात्र मालमत्ता. मत कायमचं घालवणाऱ्या गुन्ह्यांची यादी तर मासलेवाईक आहे: चोरी, जाळपोळ, बायकोला मारणं, चोरीचा माल घेणं. कृष्णवर्णीय हेच गुन्हे करतात अशी समजूत होती म्हणून हे. खून त्या यादीत नव्हता.

स्मॉल्स आणि त्याचे पाच साथीदार जिंकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी ते प्रत्येक कलमावर उठले. स्मॉल्सचं एक भाषण पुढे त्याच्या स्मारकावर कोरलं गेलं. त्याचा मथितार्थ असा: माझ्या लोकांना कुणी खास वकिली करायची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कुणाहून कमी नाहीत, त्यांना फक्त जगण्याच्या झगड्यात बरोबरीची संधी हवी.

पण त्याची खरी तल्लखी दुसऱ्या वादात दिसली. गोरे आणि काळे यांच्या लग्नावर घटनेतच बंदी घालायचं कलम आलं. स्मॉल्स उठून म्हणाला, दुरुस्ती सुचवतो: जो गोरा माणूस कृष्णवर्णीय स्त्रीबरोबर राहील, त्याला सरकारी पद मिळू नये, आणि त्यांच्या मुलाला बापाचं नाव आणि वारसा मिळावा. सभागृहात किती जणांनी मान खाली घातली असेल याची कल्पना करा. ज्याच्या वडिलांचं नाव कागदावर नाही, असा माणूस हे बोलत होता. दुरुस्ती अर्थातच पडली.

शेवटी सह्यांची वेळ आली. स्मॉल्सने सही नाकारली. सही नाही तर प्रवासभत्ता नाही, असं सांगण्यात आल्यावर तो म्हणाला, यावर सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टला चालत जाईन. कोलंबिया ते ब्यूफर्ट हे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे.

घटना जनतेच्या मताला टाकलीच नाही. परिषदेने मंजूर केली आणि लागू झाली. मिसिसिपीने १८९० मध्ये अशीच कलमं केली होती आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, कारण कागदावर वर्णाचा उल्लेख नव्हता. साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय लोकसंख्या तेव्हा बहुमतात होती, आणि नोंदणीत उरले त्यांतले काही हजार.

स्मॉल्स ब्यूफर्ट बंदरात जकात अधिकारी होता, केंद्राची नेमणूक असल्याने राज्याचा हात तिथे पोचत नव्हता. ती नोकरी १९१३ मध्ये गेली. फेब्रुवारी १९१५ मध्ये तो वारला, लिलावात घेतलेल्या त्याच घरात.

साक्षरतेच्या चाचण्या १९६५च्या केंद्रीय मतदान हक्क कायद्याने मोडून काढल्या. राज्याच्या विधिमंडळात कृष्णवर्णीय सदस्य पुन्हा निवडून आले १९७० मध्ये. १८९५ची घटना मात्र आजही साउथ कॅरोलायनाची घटना आहे, दुरुस्त्या करत करत. आंतरवर्णीय लग्नाच्या बंदीचं कलम, ज्यावर स्मॉल्स उठला होता, ते १९६७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निर्जीव झालं होतं तरी छापील घटनेत होतं. १९९८ मध्ये लोकांना मत विचारून ते काढलं, तेव्हाही सुमारे ३८ टक्के मतं ते राहावं म्हणून पडली.

कोलंबियाच्या विधानभवनासमोर १९४० पासून टिलमनचा पुतळा उभा आहे. त्याच आवारात स्मॉल्सचा पुतळा बसवायचा कायदा विधिमंडळाने २०२४ मध्ये केला.